नाव न घेता

टेपकाकूंना त्यातून मिळणार काय होतं, ते आधी मोजून घेऊ. पैसा नाही, जागा नाही, लेकीसाठी स्थळही नाही. लेक उजवून चार वर्षं झाली होती. मिळणार होतं ते एवढंच की, चर्चच्या मंडळीच्या प्रार्थना-साखळीतलं पहिलं स्थान आणखी एक वर्ष त्यांच्याकडे राहिलं असतं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण ज्यांनी कधी पहिलं स्थान भोगलेलं नाही, त्यांनी हसू नये.

साखळी म्हणजे नऊ बायका आणि नऊ फोन. मंडळीत कुणावर संकट आलं की पहिलीला कळवायचं. पहिली दुसरीला फोन करणार, दुसरी तिसरीला, असं करत विनंती नवव्या घरी पोहोचली की ती शेवटची बाई उलट पहिलीला फोन करून सांगणार, "साखळी पूर्ण झाली." म्हणजे त्या घटकेला नऊ घरांत नऊ माना एकाच गोष्टीसाठी खाली गेलेल्या. नियम दोनच होते. विनंती दोन वाक्यांत संपवायची आणि कारण कुणी विचारायचं नाही. कारण प्रभूला ठाऊक असतं, बायकांना ठाऊक नसलं तरी चालतं, असं हे नियम करणाऱ्या जुन्या पाळकबाई म्हणायच्या. फार भली बाई. बायकांना ठाऊक नसलं तर चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिलीचा मान असा की प्रत्येक गोष्ट तिला आठ जणींच्या आधी कळते. गेल्या वर्षापासून मात्र हा मान डळमळायला लागला होता. दुसऱ्या नंबरवर होत्या हेडबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्या आठवड्यातून दोनदा इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जायच्या आणि तिथून ताज्या ताज्या विनंत्या घेऊन यायच्या. टेपकाकूंच्या विनंत्या त्यामानाने शिळ्या: कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाच्या सुनेचा व्हिसा. महिनाअखेरीला महिला मंडळाची बैठक होती, आणि पहिलं स्थान हेडबाईंना द्यावं असं दोघी-तिघी बोलायला लागल्या होत्या.

टेपकाकूंचा धंदा कपडे बेतायचा आणि सैल-घट्ट करायचा. गळ्यात मोजपट्टी चोवीस तास, म्हणून हे नाव. गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरेचे आकडे त्यांच्या वहीत होते, पण एक आकडा कधी त्या खोलीबाहेर गेला नाही. कुणाची कंबर दोन वर्षांत सहा इंच वाढली तरी काकू शिवण उसवता उसवता म्हणायच्या, "कापडच आटलं हो, हल्ली सूत चांगलं येत नाही." इतकं झाकून नेणारी बाई. वहीच्या बाबतीत.

त्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता त्या व्यसनमुक्ती केंद्रात गेल्या होत्या. तिथल्या परिचारिकांचे शिवून झालेले बारा पांढरे कोट द्यायचे होते. गठ्ठा दोन्ही हातांत धरून त्या तळमजल्याच्या खांबापाशी कारकुनाची वाट बघत उभ्या राहिल्या. समोर औषधांची खिडकी होती. खिडकीपुढे एक बाई पाठमोरी उभी होती. तिने वहीत सही केली. आतल्या माणसाने सात गोळ्या मोजून कागदी पाकिटात घातल्या आणि म्हणाला, "पुढच्या गुरुवारी वेळेवर या, एक दिवसाचाही खंड नको."

"नाही पडणार, भाऊ," ती म्हणाली आणि पाकीट पर्समध्ये ठेवून वळली.

टेपकाकू कोटांच्या गठ्ठ्यामागे आपोआप खाली वाकल्या. ती मावशी होती.

मावशी म्हणजे मंडळीच्या तळघरातल्या पाळणाघरातली. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, बारा वर्षं दुसऱ्यांची बाळं सांभाळलेली. भिंतीवर अकरा खुंट्या, अकरा पिशव्या, अकरा बाळं. त्या अकरांत एक टेपकाकूंची नात, वर्षाची. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची, सकाळी बाळाला मावशीच्या हाती द्यायची आणि संध्याकाळी तिच्याच हातून घ्यायची.

कोटांचा गठ्ठा कारकुनाने कधी घेतला, पावती कधी दिली, काकूंना कळलं नाही. त्या पायरीवर आल्या तेव्हा कानात नुसता भुंगा फिरत होता. मावशी. रोज सकाळी बाळांचे हात धुण्याआधी स्वतःचे दोनदा धुणारी. ती आणि गोळ्या. हे कुणी येऊन सांगितलं असतं तर काकूंनी सांगणाऱ्यालाच उभं-आडवं घेतलं असतं. पण हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

केंद्रापासून पाळणाघर ऐंशी पावलांवर. गुरुवारी ते अर्धा दिवस बंद असे, पण मागच्या खोलीतच मावशी राहायची. टेपकाकू त्या दारावरून गेल्या. आत दिवा होता. दोन क्षण थांबल्याही. पण आत जाऊन विचारायचं काय आणि विचारल्यावर ती रडायला लागली तर करायचं काय? फोन घरी होता आणि घर वीस मिनिटांवर. त्या घरी गेल्या.

त्यांना नातीची काळजी वाटली नाही असं नाही. पण कुठली गोष्ट कितव्या नंबरवर आली, तेही बघायला हवं. घरात शिरल्यावर पहिला फोन हेडबाईंना झाला.

"बाई, साखळीची विनंती आहे. आपल्यातली एक बहीण, जिच्या हाती लेकरं सोपवलेली आहेत, ती व्यसनाच्या जाळ्यात सापडली आहे. प्रभूनं तिला सोडवावं म्हणून प्रार्थना करा."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला.

"अगं, कोण?"

"नाव मी घेणार नाही, बाई. नियम आहे."

"बरोबर आहे तुझं. नाव नकोच," हेडबाई म्हणाल्या आणि इतक्या घाईनं फोन ठेवला की 'आमेन' अर्धंच ऐकू आलं.

काकूंनी खरंच नाव घेतलं नव्हतं. फक्त पत्ता दिला होता. पूर्ण मंडळीत लेकरं सोपवलेली बहीण एकच होती.

मग दुसरा फोन लेकीला.

"उद्यापासून बाळाला माझ्याकडे आणून सोड. मावशीकडे नको."

"का?"

"कारण विचारू नकोस. आज केंद्रात कोट द्यायला गेले होते, तिथं तिला पाहिलं. औषधांच्या खिडकीवर."

लेक अगदी हळू म्हणाली, "किती वाजता?"

"अडीचला. वेळेचं काय घेऊन बसलीस?"

"आई, कुणाला बोलली नाहीस ना तू? आई, प्लीज, कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? मी फक्त प्रार्थनेला दिलंय."

लेकीने फोन ठेवला. काकूंना वाटलं, पोर भोळी आहे, मावशीत जीव अडकलाय तिचा.

संध्याकाळी सात वाजता साखळीतल्या शेवटच्या बाईचा फोन आला. ही साखळीत सगळ्यांत तरुण, तिची दोन वर्षांची मुलगीही पाळणाघरातच. तिने 'साखळी पूर्ण झाली' म्हटलंच नाही.

"काकू, मावशी पिते का हो?"

टेपकाकूंच्या हातातली सुई बोटात गेली. त्यांनी गोळ्या पाहिल्या होत्या. पिण्याचं कुणी काढलं? आणि नाव कुणी घेतलं?

"तुला कुणी सांगितलं मावशी म्हणून?"

"कुणी नाही सांगितलं. सगळ्याच जणी म्हणाल्या, नाव घ्यायचं नाही. पण काकू, माझी मुलगी तिच्याकडे असते. परवा तिच्या दंडावर लाल चट्टा होता, मी म्हटलं डास असेल. आता मला काही सुचत नाहीये. उद्या पाठवू का नको?"

इथं एक वाक्य पुरलं असतं. 'थांब, मी आधी मावशीला विचारते,' एवढं. पण तसं म्हणायचं तर विचारलेलं नाही हे कबूल करावं लागलं असतं, आणि पहिलीने कधी असं काही कबूल केलेलं साखळीत ऐकिवात नव्हतं.

"ते तू प्रभूला विचार, बाळ," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी अकरातली चार बाळं आली. शनिवारी एक. सोमवारी मंडळीच्या पंचांनी दारावर कागद लावला की दुरुस्तीसाठी पाळणाघर बंद आहे. दुरुस्ती करायला कुणी आलं नाही. तोपर्यंत लाल चट्ट्याचे तीन चट्टे झाले होते आणि पिण्याच्या जोडीला मारणंही आलं होतं. एका बाळाला झोपेचं औषध पाजल्याचंही कुणी तरी सांगितलं. ज्या बाळाचं नाव घेतलं जात होतं, ते चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या गावी राहायला गेलं होतं. टेपकाकू प्रत्येक वेळी म्हणायच्या, "मी असं काही म्हटलेलं नाही हं." ते खरंच होतं. आणि प्रत्येक वेळी ऐकणारी डोळे मिटून मान हलवायची, म्हणजे काय समजायचं ते समजले. हातातून सुटलेलं रीळ जिन्यावरून घरंगळावं तसं चाललं होतं, आणि खाली धावून ते पकडायला वय राहिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी मावशी काकूंच्या शिवणाच्या खोलीत आली. दारातच उभी राहिली. काकू मशीनवर होत्या. पाय थांबला नाही.

"काकू, तुम्ही मला कुठं पाहिलंत का?"

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही."

"हो. तेच ऐकलं सगळ्यांकडून." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकूंना सहन होईना. "मला एकच विचारायचं होतं. तुमची लेक चार दिवस आली नाही. फोनही घेत नाही. बरी आहे ना?"

"माझ्या लेकीची चौकशी तू करू नकोस."

मावशी काही तरी बोलणार होती. ओठ उघडलेही होते. मग तिने ते मिटले, पर्स छातीशी धरली आणि गेली. काकूंनी तिच्या पाठीकडे बघून मनात म्हटलं, बघा, तोंड उघडायची सोय नाही. गुन्हेगार माणूस असंच गप्प बसतं.

लेक रोज सकाळी बाळ आणून सोडायची, संध्याकाळी घेऊन जायची. डोळ्यांखाली काळं, बोलणं तुटक. "झोप नाही येत का गं?" काकूंनी विचारलं तर म्हणाली, "येते, आई. आता येते."

त्याच्या पुढच्या सोमवारी, दुपारी एकच्या सुमाराला, चष्म्याच्या दुकानातून फोन आला. लेक जेवणाच्या सुट्टीत आतल्या खोलीत पडलेली सापडली होती. हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. पर्समध्ये गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

नातीला शेजारणीकडे देऊन टेपकाकू इस्पितळात पोहोचल्या तेव्हा मोजपट्टी गळ्यातच होती. लेकीच्या नाकात नळी, हाताला सुई. डॉक्टर तरुण होता, भराभर बोलत होता. जीव वाचेल. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय, मध्ये उपचार चालू होता, अकरा दिवसांपूर्वी अचानक बंद पडला.

"कसली सवय?" काकूंनी विचारलं. "तुम्ही दुसऱ्याच कुणाचं सांगताय. ही माझी मुलगी आहे."

डॉक्टरने एक पिवळं कार्ड पुढे केलं. लेकीच्या पर्समध्ये सापडलेलं. केंद्राचा शिक्का. वरच्या ओळीत लेकीचं नाव. चार महिन्यांच्या गुरुवारच्या तारखा, गेला गुरुवार सोडला तर एकही चुकलेली नाही. खाली छापलेलं होतं, 'औषध ताब्यात ठेवणारी जबाबदार व्यक्ती', आणि त्यापुढे मावशीची सही.

काकूंनी ते तीनदा वाचलं. अक्षरं तीच राहिली.

"आम्ही या बाईंना कळवलंय," डॉक्टर म्हणाला. "पेशंटच्या हातात एकदम गोळ्या द्यायच्या नसतात ना. या रोज एक द्यायच्या."

म्हणजे रोज संध्याकाळी, बाळ हातात देता देता. लेक गुरुवारी वर समुपदेशकासमोर बसलेली असायची आणि मावशी खाली खिडकीवर तिच्या सात गोळ्या घ्यायची. काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते खरंच होतं. पाहिलेल्यात तसूभर खोट नव्हती. सांगितलेलं मात्र सगळं खोटं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे अठ्ठावन्न वर्षांत त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला मावशी दिसली. धावत आली होती. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच. तिने काकूंकडे पाहिलंही नाही. आधी काचेतून पलंगाकडे, मग डॉक्टरकडे.

"वाचेल?"

"वाचेल."

तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. टेपकाकू तिच्यासमोर उभ्या. त्यांना बसता येईना, उभं राहता येईना.

"मावशी, त्या दिवशी तू आलीस. सांगितलं का नाहीस?"

"तिला शब्द दिला होता. जावई परत यायच्या आत ती बरी होणार होती. दीड महिना राहिला होता, काकू. माझ्याकडे झोकांड्या देत बाळ घ्यायला आली होती, तेव्हा मीच म्हटलं, चल, मी येते बरोबर. ती म्हणाली, आईला कळता कामा नये. आईला कळलं म्हणजे प्रार्थनेला जाईल."

हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. लेकीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं. टेपकाकूंनी गळ्यातली मोजपट्टी काढली आणि ती मुठीत गुंडाळून धरली.

पाळकांकडे त्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. पाळक गीतांची पुस्तकं बाकांवर लावत होते. काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, लेकीसकट.

"नववी आज्ञा मोडली मी. शेजारणीविरुद्ध खोटी साक्ष दिली."

पाळक पुस्तकं ठेवून समोर बसले.

"काकू, मला तर तिसरीही दिसते. देवाचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही, ती. बोललात तुम्ही स्वतःचं, नाव लावलंत त्याचं. नुसती कुजबुज असती तर एखादीनं तरी म्हटलं असतं, कशावरून? प्रार्थना म्हणून आली, मग कोण विचारणार?" मग म्हणाले, "मला एक सांगा. माणसाचं चुकलेलं दिसलं तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जावं, असं प्रभूनं सांगितलंय. तुम्ही त्या दारावरून गेलात. आत का गेला नाहीत?"

काकूंकडे उत्तर होतं, पण ते त्या जागेत तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"येत्या रविवारी प्रभुभोजन आहे," पाळक म्हणाले. "भाकरीला हात लावायच्या आधी मावशीकडे जा. मी पंचांशी बोलतो."

मावशी बादलीत हात घालून लहान लहान दुलया धूत होती. अकरा. कुणी वापरल्या नव्हत्या तरी. काकूंनी तिची क्षमा मागितली. रडत मागितली, आणि रडण्यातसुद्धा आपण बरं रडतोय ना, इकडे थोडं लक्ष राहिलं. सवय एका दिवसात जात नाही.

"क्षमा केली," मावशी म्हणाली. "त्याशिवाय मला तरी कोण क्षमा करणार?"

"रविवारी सगळ्यांसमोर सांगते मी. सगळं सांगते."

मावशीने हात बाहेर काढले. "तुमचं तेवढं सांगा. लेकीचं नाव नाही घ्यायचं. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? तिला आत्ता एवढंसं सोसणार नाही. आणि जावयाला बोटीवर कळलं तर? नाव घेतलंत, तर मी उभी राहून म्हणेन की काकू खोटं बोलतात, गोळ्या माझ्याच होत्या."

"मग तुझं काय?"

"पंच दार उघडणार आहेत ना. बाळं येतील हळूहळू."

रविवारी, पाळकांनी भाकरी हातात घेण्याआधी, टेपकाकू उठल्या. बाकाची पाठ धरून त्या म्हणाल्या, "मी आपल्या एका बहिणीबद्दल खोटं पसरवलं. मावशीबद्दल. नाव न घेता पसरवलं, म्हणून आज नाव घेते. ती निर्दोष आहे. चूक माझी आहे. मला क्षमा करा."

मावशी खिडकीजवळ मान खाली घालून बसली होती. पाळकांनी भाकरी मोडली. टेपकाकूंना वाटलं, आता लोक तोंड फिरवतील. त्या तयारीने त्या आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते हवंही होतं.

उपासना संपल्यावर आठ जणी पायऱ्यांवर त्यांच्याभोवती गोळा झाल्या. हेडबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, केवढं मोठं मन तुझं! दुसरीचं पाप झाकायला स्वतःला खोटं ठरवलंस भर उपासनेत. मला नसतं जमलं."

टेपकाकूंना आधी कळलंच नाही, या कशाबद्दल बोलतायत.

"बाई, नाही हो. मी खरंच खोटं बोलले."

"हो गं, हो," हेडबाई त्यांच्या हातावर थोपटत म्हणाल्या. बाकीच्या सात माना हलल्या.

"तिने गोळ्या घेतल्याच नाहीत. त्या दुसऱ्याच कुणासाठी होत्या."

"कुणासाठी?"

आठ चेहरे वर झाले. कारण विचारायचं नाही हा नियम त्या पायरीवर कुणाच्या लक्षात नव्हता. खाली, फाटकापाशी, मावशी एकटी चप्पल घालत होती, आणि कोपऱ्यावरच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर लेक पहिल्यांदाच उशीला टेकून बसली होती. टेपकाकूंच्या जिभेवर एक नाव आलं. एवढं नाव बाहेर पडलं असतं की मावशी त्याच क्षणी सुटली असती. त्यांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांनी तसंच मिटलं.

"बघा," साखळीतली शेवटची बाई हळूच शेजारच्या बाईला म्हणाली, "कुणीच नाही. काकू बिचाऱ्या सांभाळून घेतात."

त्या पायरीवर टेपकाकूंना एक कळलं. खरं सांगायची पाळी आल्यावर एक नाव लागत होतं, आणि तेच घ्यायची सोय नव्हती. खोटं सांगताना एकसुद्धा लागलं नव्हतं.

पंचांनी सोमवारी कागद काढला. पाळकांनी स्वतः उभं राहून दार उघडलं. पहिल्या दिवशी दोन बाळं आली, बुधवारपर्यंत एक राहिलं आणि त्याच्या आईने शुक्रवारी फोन करून सांगितलं की तिच्या सासूला बरं वाटत नाही, म्हणून आता बाळ घरीच राहील. मावशी पुढचे तीन आठवडे रोज सकाळी सात वाजता दार उघडून बसली. मग तिने किल्ली पाळकांच्या घरी नेऊन दिली.

महिनाअखेरीच्या बैठकीत टेपकाकूंनी साखळी सोडते म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. हेडबाईंनीच सुचवलं की पहिलं स्थान त्यांच्याकडेच राहावं, असा नम्रपणा हल्ली बघायला मिळत नाही. आठही हात वर झाले. काकू उठून बाहेर गेल्या आणि पुन्हा त्यांनी साखळीचा फोन उचलला नाही, तर त्यांच्या मौनाचाही गौरव झाला.

जावई आला तेव्हा लेकीने स्वतः त्याला सगळं सांगितलं. तो रागावला, मग रडला, मग तिच्याबरोबर गुरुवारी केंद्रात जाऊ लागला. ती मंडळीसमोरही सांगायला तयार झाली. मावशी म्हणाली, "आता कशाला? आधी वर्षभर धड राहा. मग बघू." तोवर मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली होती. सकाळी सहापासून चादरी घड्या करायच्या. तिथं मुलं नसतात.

आता कुणी काय भरलं, तेवढं राहिलं. हेडबाईंना काही भरावं लागलं नाही. बाकीच्या सात जणींनाही नाही. शेवटच्या बाईला मुलीसाठी दुसरी सोय शोधावी लागली, ती आठ दिवसांत सापडली. लेकीने एक सोमवार भरला आणि त्यातून ती परत आली. टेपकाकूंनी भरायला हात पुढे केला, पण त्यांच्या हातचं कुणी घेतलंच नाही. उलट त्यांच्याच पदरात मान टाकला, आणि तो त्यांना आजतागायत फेडता आलेला नाही. भरलं ते मावशीने. बारा वर्षांचं काम, अकरा बाळं आणि नाव.